नावापुरतं कुलूप

मी कुलूप बोलतोय. गोजरा माझ्यामुळं मेली. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगायचं ठरवलं तर माझ्याच्यानं होणार नाही, आणि तोवर तुम्ही मला उगाच भला समजून ऐकत बसाल.

आता जन्मापासून सांगतो.

नांदुऱ्याच्या बाजारात, कापसाच्या गाड्या सुटतात त्या मैदानाच्या कडेला एका लोहाराचं पाल होतं. त्यानं मला घडवलं. माझं लोखंड मूळचं बैलगाडीच्या चाकाच्या धावेचं. म्हणजे मी जन्माला येण्याआधीच पुष्कळ रस्ते तुडवून आलो होतो. लोहारानं माझ्या पोटात पोलादाची पट्टी बसवली. दांडी खाली दाबली की पट्टी दांडीच्या खाचेत शिरते आणि कुलूप लागतं. चावी फिरवली की सुटतं. पण पट्टी जरा जाड झाली. मला लावायचं तर दोन्ही हातांनी, दातओठ खाऊन दाबावं लागे.

गिऱ्हाईक मला हातात घेई, दाबून बघे आणि परत ठेवी. "हे कुलूप लावाले पहेलवान ठेवा लागन बाप्पा," एक जण म्हणाला आणि पालातले सगळे हसले. मी मात्र ओशाळलो. कुलपाला लागता येऊ नये, यासारखी लाज नाही, असं तेव्हा वाटायचं.

शेवटी बोर्डाच्या शाळेचे उत्तमराव मास्तर मला घेऊन गेले. दुसरं कुलूप उरलंच नव्हतं म्हणून.

नांदुऱ्यापासून तीन कोसांवर ते गाव. नाव सांगत नाही. दोन खोल्या, वर कवेलूचं छप्पर, पुढं पश्चिमेला तोंड करून ओटा, ओट्यापुढं निंबाचं झाड. एवढी शाळा. आत पाण्याचा रांजण, पोरांना बसायला तरटाच्या लांब पट्ट्या, एक फळा, एक लाकडी पेटी. चोरून न्यावं असं काही नव्हतं. तरी सरकारी इमारत म्हणून कुलूप पाहिजेच. शाळेत माणसं दोनच, मास्तर आणि चपराशी. चपराशी पुंजाजी. माझी चावी त्याच्या कमरेच्या करदोड्याला बांधलेली असायची. आंघोळीलासुद्धा तो ती सोडायचा नाही.

दोन पावसाळ्यांत मला गंज चढला आणि मी आणखीच ताठ झालो. पुंजाजी मला ओट्याच्या दगडावर टेकवून टाचेनं दाबायचा, तेव्हा कुठं मी लागायचो. "साला सासऱ्यासारखा हट्टी हाये," म्हणायचा.

मग ती दोन पोरं आली.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी मास्तर पोरांची हजेरी घेत होते आणि मी दाराच्या कडीला उघडा लटकलो होतो, म्हणून सगळं मला दिसलं. दहा-अकरा वर्षांची पोरगी सहा-सात वर्षांच्या भावाला दंडाला धरून उभी होती. भावाचं डोकं नुकतंच भादरलेलं.

"याचं नाव घाला जी शाळेत," ती म्हणाली.

"नाव काय?"

"उकंडा. याच्या आंधीचे तिघं जगले नाही, म्हून मायनं याले जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं अन् उचलून आणलं. मी गोजरा."

"बाप काय करतो?"

"कापसाच्या जिनात हमाल होता. गाठीच्या तापानं गेला. माय त्याच्याही आंधी गेली. झोपडी लोकायनं जाळून टाकली, रोग राह्यला असन म्हून."

मास्तरांनी दाखल-खारिजाचं रजिस्टर उघडलं. बोरू शाईत बुडवला आणि एका रकान्यावर तो थबकला. "राहण्याचं ठिकाण?"

उकंडा बोलला, "काल देवळात होतो. तिथून हाकललं. परवा ठेसनावर."

गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या घरची पोरं. त्यांना कोण ओट्यावर चढू देणार? मास्तरांचा बोरू तसाच हवेत. शाईचा थेंब पडायला आला, तेव्हा रांजण भरता भरता पुंजाजी म्हणाला, "माह्या घरी लिहा ना मास्तर. रकाना भरल्याशी मतलब."

"तुझ्या घरी ठेवशील?"

"घरी नाही ठेवू शकत. बायकोले भेव हाये गाठीचं. पण लिहाले काय जाते?"

मास्तरांनी लिहिलं. दोघांचीही नावं घातली, गोजराचंसुद्धा. त्या शाळेतली ती पहिली पोरगी.

त्या दिवशी संध्याकाळी पुंजाजीनं मला दाबलं नाही. दांडीचं टोक भोकात अलगद बसवलं, एवढंच. गंजामुळं ते तिथं अडकून राहिलं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावं की कुलूप लागलंय. मग त्यानं मला हलकेच ओढून पाहिलं. दांडी सुटून वर आली. त्यानं ती पुन्हा बसवली.

निंबाखाली दोघं बसली होती. त्यांना तो म्हणाला, "दिवस बुडाल्यावर, रस्त्यावर कोणी नाही पाहून, ओढायचं. आतून कडी. खुंटीवर माही घोंगडी हाये. सकाळी मास्तर यायच्या आंधी बाहेर, अन् झाडझूड करून ठेवायची. अन् हे कोणाले सांगायचं नाही. माह्या बायकोलेसुद्धा नाही. शाळेत कोणाले झोपू देल्लं समजलं तर माही नोकरी जाईन अन् तुमची शाळा. समजलं का बे उकंडा?"

"हाव."

"बोल, कोणाले?"

"कोणालेच नाही."

किती खुशीत बोललं ते पोरगं! भाकरीवर गूळ मिळाल्यासारखं.

तेव्हापासून वर्षभर मी नावापुरतं कुलूप होतो, आणि इतका सुखी कधीच नव्हतो. रोज संध्याकाळी पुंजाजी मला बसवायचा, एकदा ओढून पाहायचा आणि पुटपुटायचा, "उघडा हायेस ना बे? ऱ्हाय मंग तसाच." माणसं कुलूप ओढून पाहतात ती नीट लागलं का म्हणून. उघडं राहिलं का म्हणून ओढून पाहणारा माणूस मला एकच भेटला.

मास्तरांना माहीत होतं का? त्यांनी कधी विचारलं नाही. पण पहाटे निंबाजवळ पोचले की ते मोठमोठ्यानं खोकायचे. खोकला त्यांना नव्हता. एकदा खोकून झाल्यावर बराच वेळ झाडाशी उभे राहायचे, धोतराचा सोगा नीट केल्यासारखं करायचे, पुन्हा खोकायचे. तेवढ्यात आत घोंगडी घडी व्हायची. मग मास्तर ओट्यावर येत आणि झाडू घेतलेल्या गोजराला म्हणत, "आज लवकर आलीस?"

"हाव जी. घर जवळच हाये ना."

मास्तर खाली मान घालून हसत.

उकंडा अभ्यासात ढ होता. उजळणीत तेरावर अडकायचा. गोजरा सगळं ऐकून ऐकून त्याच्या आधी शिकली. माझ्याशेजारी दाराच्या चौकटीवर तिनं कोळशानं त्याचं नाव लिहिलं होतं, त्यानं रोज गिरवावं म्हणून. तिचं एकच चाललेलं असायचं, "हा चौथी झाला पाह्यजे. चौथी झाला की सरकारात लागते. मंग आम्ही भाड्यानं घर घिऊ. त्याले आमचं सोताचं कुलूप."

"याच्यासारखं?" उकंडा मला ओढत विचारायचा.

"याच्यासारखं नाही. लागणारं."

त्या दोघांची अख्खी आशा ती एवढी. एक छप्पर आणि चौथीपर्यंतची शाळा. आणि दोन्ही गोष्टी माझ्या न लागण्यावर लटकलेल्या.

पुढच्या साली पाऊस आला नाही. कपाशी गुडघ्याएवढीच राहिली. आणि नवरात्राच्या सुमाराला मानमोडी आली. तिला आधी कोणी मानलं नाही. साधा ताप, अंग मोडून येतं, एवढंच. मग एकेका घरातून दोन दोन तिरड्या निघू लागल्या. मास्तरांच्या गावाहून निरोप आला, आई अंथरुणाला खिळली. ते जाताना म्हणाले, "पुंजाजी, खंडेनवमीचं तेवढं तू कर. साथ सरेपर्यंत शाळा बंद." आणि किंचित थांबून, निंबाकडं पाहत म्हणाले, "सगळ्यांकडं लक्ष ठेव."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. शेतकरी विळा आणि वखराची पास पूजतो, लोहार घण पूजतो, सुतार वाकस. शाळेत पुंजाजी कुदळ, घंटेचा हातोडा, बोरू तासायचा चाकू आणि मला मांडून पूजा करायचा. आजवर माझ्यावर हळदकुंकू पडायचं, तेवढंच. त्या साली मात्र त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. भोवती माणसं मरत होती. आपल्या हातून काही पूजेत कमी पडायला नको, असं त्याला वाटलं असेल. घरातलं देवाच्या दिव्याचं तीळतेल तो वाटीत घेऊन आला. राख आणि चिंचेनं त्यानं मला घासलं. गंज निघाला. मग पिसानं माझ्या पोटात थेंब थेंब तेल सोडलं.

"वर्षभर लेकराईले सांभाळलं बाप्पा तू," तो मला म्हणाला. "तुले नाही पुजू तं कोणाले पुजू?"

मी कसा लखलखलो! जन्मात पहिल्यांदा पोटातली पट्टी मोकळी हलली.

पुंजाजीचं अंग तेव्हाच तापलेलं होतं. त्याच्या बोटांवरून मला कळत होतं. ऊन कलल्यावर त्यानं दार ओढलं, मला कडीत घातलं, नेहमीसारखी दांडी भोकात अलगद टेकवली. आणि मी लागलो. कोणी दाबलं नाही, टाचेखाली धरलं नाही. तेलानं सैल झालेली पट्टी आपण होऊन खाचेत गेली. टक्. एवढासा आवाज. निंबावरच्या पाखरांनीसुद्धा ऐकला नाही.

आता हा ओढून पाहील, मला वाटलं. रोज पाहतो. पण त्याला भोवळ आली. त्यानं भिंतीला हात टेकला, डोळे मिटले, मग तसाच कण्हत ओट्याच्या पायऱ्या उतरला. मी त्याच्या पाठीकडं पाहत होतो. कुलपाला हाक मारता येत नाही.

दिवस बुडता बुडता पोरं आली. गोजरानं मला ओढलं. पुन्हा ओढलं.

"रुसलं वाट्टे," ती हसून म्हणाली.

उकंडानं दोन्ही हातांनी लोंबून पाहिलं. "तेलकट लागून राह्यलं बाई. पुंजाजीमामानं पुजलं याले."

"मंग उद्या येईन मामा. झोप इथंच."

ती ओट्यावर झोपली. सकाळी दसरा. गोजरा उठली नाही. तिचे डोळे लाल झाले होते आणि दात वाजत होते. उकंडानं माझ्याकडं पाहिलं, मग दगड उचलला.

"नको बे!" ती पडल्या पडल्या ओरडली. "सरकारी हाये. तोडलं तं मामाले काढून टाकतीन. तुही शाळा जाईन. मामाच्या घरी जा. नुसतं पाहून ये, कवा येते ते. सांगू नको काही."

तो गेला. तिथं काय झालं ते मला फार वर्षांनी कळलं, पण सांगतो इथंच. पुंजाजी तापात बरळत होता. दारात त्याची बायको शालूबाई उभी.

"काय पाह्यजे रे?"

"मामा?"

"मामा उठत नाही. काय काम हाये?"

चावी त्याला दिसत होती. पुंजाजीच्या कमरेला, करदोड्यात. पाच पावलांवर. आणि सात वर्षांचं ते पोरगं म्हणालं, "काही नाही. सहज आल्तो."

शालूबाईनं दुरूनच त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. दसरा होता ना.

त्यानं ते सोनं आणून गोजराच्या उशाशी ठेवलं. खिडकीच्या गजांतून हात घालून काठीनं खुंटीवरची घोंगडी काढायला पाहिलं, काठी पुरली नाही. तरटाची एक पट्टी तेवढी कशीबशी ओढून बाहेर काढली. हातभर रुंदीची, शाईचे डाग पडलेली. ती त्यानं तिच्या अंगावर घातली. पाय झाकले की छाती उघडी पडायची.

पश्चिमेचा ओटा. तिसऱ्या प्रहरी भाजून काढायचा आणि पहाटे दगड बर्फासारखा. तो विहिरीवरून डबड्यात पाणी आणायचा. गीताबाई नावाची एक म्हातारी ओट्याच्या कडेला भाकरी ठेवून झपझप निघून जायची. तिच्या घरी तीन जण पडले होते. बाकी कोणी थांबलं नाही. रस्त्यानं तिरड्या जात होत्या, कोण कोणासाठी थांबणार? दारापलीकडं घोंगडी, भिंती, छप्पर. आणि मध्ये मी. नवा कोरा, चकचकीत.

तिसऱ्या दिवशी ती बडबडू लागली. "उकंडा, तेराचा पाढा म्हण." तो म्हणू लागला. तेरा चोकवर अडकला. ती थांबून राहिली, तो पुढं सांगेल म्हणून. त्याला येईना. तो पुन्हा तेरा एकेपासून सुरू करायचा आणि पुन्हा तिथंच यायचा. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. मग एकदा तो अडकला आणि थांबायला ती उरली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी पुंजाजी काठी टेकत आला. निंबाजवळून त्यानं पाहिलं आणि काठी टाकून धावला. ओट्यावर आपटला. तिच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. मग माझ्याकडं आला. मला ओढलं. मी लागलेला.

त्याला सगळं कळलं. त्यानं चावी घातली. लोण्यात सुरी जावी तसा मी उघडलो. एवढा सहज मी जन्मात कधी उघडलो नव्हतो.

"काऊन बे," तो उकंडाला गदागदा हलवू लागला, "घरी आल्ता ना तू? शालू म्हणे आल्ता. सांगतलं काऊन नाही? एक बोल बोलला असता तं..."

उकंडा म्हणाला, "तुम्हीच म्हणलं ना मामा, कोणालेच सांगू नको."

पुंजाजी खाली बसला.

आणि पोरानं तो दगड घेतला, दसऱ्याला बहिणीनं टाकायला लावलेला. मला घातला. पुन्हा घातला. कोणी अडवलं नाही. माझ्या अंगावर खोक पडली. अजून आहे. पूजेपेक्षा ती मला जास्त पटली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मास्तर परत आले, आईला स्मशानात पोचवून. रजिस्टरात गोजराच्या नावापुढं त्यांनी 'गाव सोडून गेली' असं लिहिलं. खोकत होते, या वेळी खरंच. महिन्या-दोन महिन्यांनी डिप्टी साहेब तपासणीला आले, तेव्हा पुंजाजी हात जोडून पुढं झाला. "साहेब, ते खोटं हाये. पोरगी कुठी गेली नाही. मी सांगतो."

सगळं सांगितलं त्यानं. वाटलं असेल, सांगितल्यानं ओझं उतरेल. किंवा कुठलीशी सोय होईल अशा पोरांची. पुंजाजीला कामावरून काढलं. मास्तरांची बदली लांब दुसरबीडकडं झाली. सूर्य मावळल्यावर शाळेच्या आवारात कोणी दिसता कामा नये, असा कागद भिंतीवर लागला. आणि पितळेचं नवं कुलूप आलं, बोटानं दाबलं तरी लागणारं.

उकंडाला पुंजाजीनं घरी ठेवून घेतलं असतं. शालूबाईसुद्धा हो म्हणाली होती. तो उंबरठ्याच्या आत आला नाही. ठेसनावर गेला आणि तिथून कुठं ते कोणाला माहीत नाही. पहिलीच्या पुढं तो कधी गेला नाही.

टाकून दिलेला मी पुंजाजीच्या घरी आलो. त्यानं मला अंगणात दगडावर ठेवलं. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की तांब्यातलं उरलेलं माझ्यावर ओतायचा. "गंज बे," म्हणायचा. "गंज आता." एवढंच. वीस वर्षं. एका दसऱ्याच्या आधी तो गेला. म्हातारी शालूबाई त्याच सवयीनं अजून पाणी ओतते.

मागच्या उन्हाळ्यात एक माणूस आला. रेल्वेचा गँगमन, हाताला घट्टे, केस विरळ. अंगणात उभा राहून त्यानं मला पाहिलं. उचललं. अंगठा त्या खोकेवर ठेवला. मी ओळखलं.

"मामा?" त्यानं विचारलं.

शालूबाईनं वर बोट केलं. मग त्याला निरखून पाहत म्हणाली, "तू तोच काय रे? सहज आल्तो म्हणणारा?"

"हाव मामी."

"मले काऊन नाही सांगतलं रे लेकरा? मी चावी देल्ली असती ना."

"देल्ली असती?"

म्हातारी खोटं बोलली असती तरी चाललं असतं, ऐकायला तिसरं कोण होतं? पण तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माहीत नाही."

त्यानं मान हलवली. मला होतं तिथं ठेवलं आणि नांदुऱ्याच्या रस्त्याला लागला. पाणीसुद्धा प्याला नाही.

आता मी कुलूप राहिलो नाही. दांडी, पट्टी, पोट, सगळं गंजून एक ढेकूळ झालंय. मी आता लागू शकत नाही आणि उघडूही शकत नाही. पुंजाजीला हवं होतं तसा झालो. फक्त वीस वर्षं उशिरा.

तुमच्या कमरेला एखाद्या दाराची चावी असेल, तर माझं एवढं ऐका. चोरून कोणाला आसरा दिलात, तर निदान आणखी एका माणसाच्या कानावर ते घालून ठेवा, कारण तापानं पडायची पाळी तुमच्यावरही येते. आणि संध्याकाळी निघताना, डोकं कितीही जड झालेलं असो, मागं फिरा. हात लावा. एकदा ओढून पाहा.